वनस्पतींचे सायनोटाइप (नाशिक परिसर)

लोहक्षार लावलेल्या कागदावर पान-फूल ठेवून उन्हात निळी छाप उमटवण्याची ही कॅमेऱ्याविना छायाचित्रणाची पद्धत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती 1842 मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी ब्रिटिश शैवालांच्या छापांचा संग्रह काढायला घेतला.

डिस्टिल्ड पाण्यात दोन द्रावणे वेगवेगळी करतात : 100 मिलीत 25 ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट आणि 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. गडद बाटल्यांत ती टिकतात, एकत्र केल्यावर मात्र नाही. म्हणून समभाग मिश्रण लागेल तेवढेच करावे. ए-फोर कागदाला तीन-चार मिली पुरते. ब्रशला लोखंडी पट्टी नको, गंजाचे निळे ठिपके पडतात. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) सुती जलरंगाचा कागद उत्तम. ‘ॲसिड-फ्री’ लिहिलेल्या कागदावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. त्यात बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते निळा रंग खाते. लेप अंधारात वाळवून त्याच दिवशी वापरावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो आपोआप निळसर होतो.

नाशिकमध्ये एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी झाली की द्राक्षाची पाने हवी तेवढी मिळतात. कडेचे दाते आणि देठापासून पंज्यासारख्या फुटलेल्या शिरा यांमुळे हे पान छापायला फार देखणे. जून पानाची नुसती आकृती येते. कोवळ्या पानातून थोडा प्रकाश झिरपतो, म्हणून शिरांचे जाळेही उमटते. बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) थर असल्यास पान आधी धुवावे, कारण त्यातला चुनाही निळा रंग खातो. मग रद्दीत दाबून दोन-तीन दिवस सुकवावे. ओले पान कागदावर पाणी सोडते. फुगलेले पान कागदाला टेकत नाही, कड धूसर येते. वर साधी काच ठेवून चिमटे लावावेत. अतिनील किरणे अडवणारे ॲक्रिलिक कामाचे नाही. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या दुर्मिळ कंदीलपुष्पांना हात लावू नये. बांधावरचे गवत, शेवग्याची डहाळी काही कमी नाही.

कागद उन्हात ठेवायचा तो मे महिन्यातल्या दुपारी पाच ते आठ मिनिटे, हिवाळ्यात दहा-पंधरा, ढगाळ हवेत अर्धा तास किंवा जास्तच. घड्याळापेक्षा रंग पाहावा : पिवळट-हिरवा लेप निळा होऊन पुढे राखाडी, तांबूस झाक धरतो, तेव्हा कागद उन्हातून काढावा. धुताना सगळाच निळा वाहून गेला तर ऊन कमी पडले; पानाखालची जागाही निळी झाली तर ऊन जास्त झाले किंवा लेप आधीच खराब होता.

बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. त्यात छाप धुतली की ती फिकट पडते. पहिल्या धुण्याच्या लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे, नंतर पिवळेपणा जाईपर्यंत दहा मिनिटे साध्या पाण्यात. फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणू नये, विषारी वायू सुटू शकतो. हातमोजे घालावेत.

चित्रकार अशा छापेवर शाईने रेघा ओढतात किंवा चहात बुडवून निळ्याला काळपट छटा देतात. सतत उजेडात टांगलेली छाप फिकी पडली, तर काही दिवस अंधारात ठेवल्यावर रंग बराचसा परततो.