चांगुलपणा दाखवायला किती खर्च येतो?

वृक्षारोपणाचा फोटो टाका, रक्तदानाचा टाका, खाली एक प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘हे नुसतं व्हर्च्यू सिग्नलिंग!’ २०१५ मध्ये ब्रिटनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात जेम्स बार्थोलोम्यू यांचा लेख आला आणि हा शब्द राजकीय वादांत फोफावला. तुरळक वापर त्याआधीही होता. फारशी झळ न सोसता, आपण किती नीतिमान आहोत हे लोकांना कळावे म्हणून मत किंवा कृती जाहीर करणे, असा त्याचा अर्थ. आता मात्र काम दाखवून केले की ते ढोंग, एवढ्यावर तो येऊन ठेपला आहे. हे चूक आहे. दाखवणे वेगळे, ढोंग वेगळे, आणि त्यांतला फरक ओळखायला विज्ञानाकडे चांगले गणित आहे.

ते दोन ठिकाणांहून आले. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रश्न विचारला: उमेदवार हुशार आहे की नाही हे मालकाला दिसत नाही, मग पदवी पाहून त्याला नेमके काय कळते? (२००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.) १९७५ मध्ये इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी याने मोराच्या पिसाऱ्याबद्दल तसाच विचार मांडला: एवढे लोढणे वागवूनही जो जगतो, तो धडधाकटच असणार. जीवशास्त्रज्ञ ॲलन ग्राफेनने १९९० मध्ये याला गणिती रूप दिले. मर्म असे, की न दिसणारा गुण सांगणारी खूण, मग ती पदवी असो की पिसारा, नुसती महाग असून भागत नाही. ती खोट्याला खऱ्यापेक्षा जास्त महाग पडली पाहिजे.

जळगाव जिल्ह्यातले एक गाव घेऊ. ‘अ’ला झाडे मनापासून हवीत, ‘ब’ला फक्त नाव हवे. नावाची किंमत १०० गुण धरू. रोप लावून फ्लेक्स झळकवायला दोघांनाही १० गुण खर्च. दोघेही ९० ने फायद्यात, म्हणून दोघेही फ्लेक्स लावतात आणि बघणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

आता खूण बदला: पुढच्या जूनमध्ये जिवंत असलेले झाड. खान्देशात हे किती अवघड आहे ते नीट पाहा. ५ जूनला, पर्यावरण दिनी, रोप लावले तर पाऊस अजून आलेला नसतो. आठ-दहा दिवसांच्या उन्हातच ते करपते. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल हवा. पिशवी फाडून काढली नाही तर मुळे आतल्या आत गुंडाळतात आणि झाड खुरटते. शेळ्यांपासून वाचवायला बाभळीच्या काट्यांचे कुंपण लागते. ऑक्टोबर ते मे म्हणजे सुमारे ३४ आठवडे. आठवड्याला १५ लिटर धरले तरी एका रोपाला ५१० लिटर, ५० रोपांना साडेपंचवीस हजार लिटर पाणी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, काळ्या मातीला भेगा पडतात आणि बारीक मुळे तुटतात, म्हणून आळ्यात पालापाचोळ्याचा थर द्यावा लागतो.

या सगळ्याचा खर्च १२० गुण समजू. ‘अ’ला झाड उभे राहण्याचाच आनंद ६० गुणांचा, म्हणून त्याचा निव्वळ खर्च ६०, नावाचे १०० मिळाले की तो ४० ने फायद्यात. ‘ब’ला तो आनंद नाही, तो २० ने तोट्यात जातो आणि नाद सोडतो. खूण खरी ठरली! पण नावाची किंमत १५० झाली, समजा झाडांवरून निवडणुकीचे तिकीट मिळू लागले, तर ‘ब’लाही ३० गुण सुटतात आणि तोही पाणी घालू लागतो. खूण पुन्हा निकामी. उलट नावाची किंमत ६० च्या खाली गेली तर नुसत्या नावासाठी ‘अ’सुद्धा दाखवायची तसदी घेणार नाही. म्हणजे नावाची किंमत ‘अ’च्या आणि ‘ब’च्या निव्वळ खर्चांच्या मध्ये, इथे ६० आणि १२० च्या दरम्यान असेल, तेव्हाच खुणेवर विश्वास टाकता येतो.

‘सगळा चांगुलपणा दिखावाच असतो, हे विज्ञानाने सिद्ध केलंय’ असे सांगणाऱ्या रील्सवर मात्र विश्वास ठेवू नका. झहावीने इस्रायलमध्ये ‘अरेबियन बॅबलर’ या सातभाई पक्ष्यांच्या जातीवर वर्षानुवर्षे काम केले. कळपासाठी पहारा देणारा पक्षी आपली पत मिरवतो, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्याच जातीवर इतरांनी प्रयोग केले. जादा खाऊ घातलेले पक्षी पहाऱ्यावर जास्त वेळ बसले. पोट भरले होते, एवढे साधे कारण पुरेसे ठरले.

माणसांबद्दल २०१६ मध्ये जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग ‘नेचर’मध्ये आला. तिऱ्हाइतावर अन्याय करणाऱ्याला जे पदरचे पैसे घालून शिक्षा करत, त्यांच्यावर इतरांनी जास्त भरवसा ठेवला, आणि ते खरोखरच जास्त भरवशाचे निघाले. म्हणजे चारचौघांत निषेध करणारा प्रत्येक जण ढोंगी नसतो. पण त्या माणसाने स्वतः मदत केली होती का, हे पाहायची सोय मिळाल्यावर लोकांनी शिक्षेकडे फारसे पाहिले नाही, मदतच पाहिली. रस्त्याच्या रुंदीकरणात कडुनिंब तुटल्याबद्दल कुणी पोस्ट लिहिली, तर त्याला व्हर्च्यू सिग्नलिंग म्हणण्याआधी तो तहसीलला हरकत द्यायला गेला होता का, हे विचारून घ्या. त्या हरकतीवर त्याचे नाव असते, सही असते, आणि तिच्यापायी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.