बटण आधी, प्रोग्राम नंतर

पाम किंवा व्हायझरसारख्या हातात मावणाऱ्या जुन्या ऑर्गनायझरची बॅटरी पूर्ण उतरली, की आतल्या नोंदीही जातात. २००४ च्या आधीच्या बहुतेक पाम यंत्रांत पत्ते, तारखा, टिपणं सगळं रॅममध्ये असायचं आणि रॅमला सतत वीज लागते. व्हायझरचे ट्रिपल-ए सेल बदलताना आतला छोटा कपॅसिटर एखादा मिनिटभर ही स्मृती धरून ठेवतो, सवलत तेवढीच. त्यामुळे रावेर-सावद्याकडच्या एखाद्या केळीउत्पादकाने वीसेक वर्षांच्या लागवडीच्या तारखा, खतांचे हप्ते आणि व्यापाऱ्यांचे नंबर अशा यंत्रात जपले असतील, तर त्या नोंदी संगणकावर उतरवून घेणं हे तातडीचं काम आहे. भुसावळ-जळगावचा मे महिना लिथियम बॅटरीचं आयुष्य आणखी खातो. तापमान जितकं जास्त, तितकी तिच्या आतली नको ती रासायनिक क्रिया वेगाने होते.

आणि नेमकं याच वेळी सिंक, म्हणजे यंत्रातल्या आणि संगणकावरच्या नोंदींची जुळवणी, होत नाही. पडद्यावर जोडणी झाली नसल्याचा निरोप येतो, माणूस ड्रायव्हर (संगणकाला ते यंत्र हाताळता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) काढतो, पुन्हा टाकतो, केबल बदलतो, शेवटी अख्खी विंडोज नव्याने बसवतो. माझं म्हणणं इतकंच, की यातलं काहीही करण्याआधी दोन यंत्रांचं बोलणं कुठपर्यंत पोचलं आणि कुठे थांबलं ते बघावं. यूएसबीत ते बघता येतं, आणि याचसाठी मला ही रचना फार आवडते.

१९९६ साली आलेल्या पामच्या पहिल्या पायलटचा पाळणा, म्हणजे यंत्र उभं करण्याचा स्टँड, सिरियल पोर्टला जोडायचा असे. सिरियल तारेच्या पलीकडे कोण आहे हे संगणकाला समजायला मार्गच नव्हता. तार जोडलेली असो वा नसो, पोर्ट तसंच दिसायचं. वेगही बेताचा होता. सेकंदाला १,१५,२०० बिट या दराने ८ मेगाबाइटची पूर्ण स्मृती उतरवायची तर बारा मिनिटं लागतात, तीही मध्ये एकही चूक झाली नाही तर. पामचे मूळ कर्ते जेफ हॉकिन्स आणि डोना डुबिन्स्की यांनी बाहेर पडून हँडस्प्रिंग काढली. १९९९ मध्ये तिचा व्हायझर यूएसबी पाळण्यासह आला. २००१ च्या एम ५०० मालिकेपासून पामनेही तीच वाट धरली.

यूएसबीच्या मूळ केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेवर ५ व्होल्ट, काळी शून्य व्होल्टची, पांढरी आणि हिरवी माहितीसाठी. काहीही जोडलेलं नसतं तेव्हा संगणक माहितीच्या दोन्ही तारा १५ किलोओहमच्या रोधांनी शून्याकडे ओढून धरतो. यंत्र जोडलं जातं तेव्हा ते स्वतःचा दीड किलोओहमचा रोध लावून दोनांतली एक तार वर ओढतं. हिरवी वर आली तर यंत्र सेकंदाला १ कोटी २० लाख बिटवालं, पांढरी वर आली तर १५ लाख बिटवालं. दाराची कडी वाजावी तसा हा प्रकार आहे. आत कोण आलंय हे अजून कळलेलं नसतं, पण कुणीतरी आलंय हे नक्की कळतं.

पामच्या बाबतीत बहुतेक जण इथेच अडखळतात. पेनड्राइव्ह खोचताक्षणी तो संगणकाला दिसतो, पाम दिसत नाही. पाळण्यात ठेवलेलं पाम हॉटसिंकचं, म्हणजे सिंक सुरू करण्याचं, बटण दाबेपर्यंत यूएसबीवर अस्तित्वातच नसतं. बटण दाबलं की प्रकटतं, काम झालं किंवा वाट बघून कंटाळलं की पुन्हा नाहीसं होतं. त्यामुळे “पाळणा जोडलाय तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच दिसत नाही” ही तक्रार मुळात बिघाडाची नसते.

बटण दाबल्यावर जे घडतं त्याला दीड-दोन सेकंद पुरतात. संगणक तार शून्यावर नेऊन यंत्राला ताळ्यावर आणतो, त्याची ओळखपत्रिका मागवतो, १ ते १२७ मधला एक पत्ता त्याला देतो, मग पूर्ण माहिती वाचतो. त्या माहितीत कंपनीचा क्रमांक असतो (पामचा ०८३०, हँडस्प्रिंगचा ०८२डी) आणि मॉडेलचा क्रमांक असतो. या जोडीवरून कोणता ड्रायव्हर लावायचा ते ठरतं. तोवर यंत्राने १०० मिलिअँपिअरहून जास्त वीज ओढायची नाही असा नियम आहे. ओळख मान्य झाल्यावर ५०० पर्यंत मुभा मिळते.

आता बिघाड शोधायला सुरुवात करू. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा द्या, विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा (दोन्हीकडे जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते), आणि बटण दाबून बघा. काहीच हललं नाही, तर कडीच वाजलेली नाही. दोष पाळण्यात, केबलमध्ये किंवा पोर्टात आहे आणि ड्रायव्हरला हात लावायचं कारण नाही. “अनोळखी यंत्र” असं काहीतरी उमटलं, म्हणजे कोड ४३ आला, तर कडी वाजली पण ओळखपत्रिका धड वाचता आली नाही. इथेही संशय तारांवरच घ्यायचा. कंपनीचा क्रमांक नीट दिसला, तर मात्र तारा निर्दोष. यापुढचं सगळं सॉफ्टवेअर.

तारांचा संशय असेल तर पहिली जागा म्हणजे पाळण्यातल्या सोनेरी पिना. आमच्याकडची उन्हाळी धूळ बारीक असते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ती पिनांवर चिकटून बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवला की बरंच काम होतं. दुसरी जागा हब. अ‍ॅडॅप्टर नसलेल्या हबच्या पोर्टावर व्होल्टेज ४.४ पर्यंत उतरू शकतं, त्यामुळे पाळणा थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात लावावा. पुढचं पोर्ट कॅबिनेटमधल्या आणखी एका लांब तारेने मदरबोर्डला जोडलेलं असतं, म्हणून मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही.

तिसरी जागा कुणी बघतच नाही. ती म्हणजे अर्थिंग.

“लाइट कमी आहे म्हणून सिंक होत नसंल भाऊ” असं खेड्यात हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. संगणकातला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बराच कमी दाब येईपर्यंत ५ व्होल्ट अचूक देत राहतो, आणि जमेनासं झालं की संगणकच बंद पडतो. मधली अवस्था जवळजवळ नसते. अर्थिंगचं मात्र तसं नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेज आणि कॅबिनेट यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि कॅबिनेट यांच्यामध्ये. अर्थिंग चांगलं असेल तर त्यांतून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. ते तुटलेलं असेल तर कॅबिनेट पुरवठ्याच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगतं आणि स्पर्श केला की मुंग्या येतात. पाळण्याला दुसऱ्या सॉकेटवरचा स्वतंत्र चार्जर असेल, तर हा भटका प्रवाह यूएसबीच्या काळ्या तारेतून वाट काढू शकतो. संदेश दोन तारांमधल्या फरकावरून वाचले जातात, पण त्या तारा शून्य व्होल्टच्या तुलनेत ठरलेल्या मर्यादेत राहाव्या लागतात आणि इथे शून्यच डळमळतं.

यात आपल्या मातीचा थेट संबंध येतो. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा वीज सहज वाहू देते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईभोवती पोकळी पडते. माती वीज वाहते ती मुख्यतः ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. ओलावा गेला की तिचा रोध अनेक पटींनी वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, म्हणूनच एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतायचं असतं. सिंक डिसेंबरात होतं आणि मेमध्ये दगा देतं, असा अनुभव असेल तर आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावं आणि थ्री-पिन सॉकेटची तिसरी तार खरोखर जोडलेली आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावं. हे काम स्वतः करू नये.

तारा ठीक निघाल्या तर पुढे ड्रायव्हर. ६४-बिट विंडोजसाठी पामने यूएसबी ड्रायव्हर केलाच नाही. नव्या संगणकावर कितीही खटपट केली तरी तो बसणार नाही. ज्यांच्या यंत्रात ब्लूटूथ किंवा इन्फ्रारेड आहे त्यांना ती वाट मोकळी आहे. बाकीच्यांनी ३२-बिट विंडोजचा जुना संगणक शोधावा किंवा सरळ लिनक्स घ्यावं. लिनक्सच्या गाभ्यात व्हायझर नावाचाच ड्रायव्हर आहे आणि तो पामची बहुतेक यूएसबी मॉडेलंही ओळखतो.

लिनक्सवर क्रम महत्त्वाचा. विंडोजवरचा हॉटसिंक मॅनेजर कायम कान देऊन बसलेला असतो (त्यात स्थानिक यूएसबीवर खूण केलेली असली म्हणजे झालं). लिनक्सवर व्हायझर ड्रायव्हर बटण दाबल्यानंतरच टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ अशी दोन पोर्टं तयार करतो. प्रोग्राम आधी सुरू केला तर त्याला पोर्टच सापडत नाही आणि तो चूक दाखवून बंद होतो. बटण आधी दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग प्रोग्राम. दोन पोर्टांपैकी सिंकचं पोर्ट बहुतेक मॉडेलांत दुसरं असतं. आधीच्या फसलेल्या प्रयत्नातला प्रोग्राम अजून पोर्ट धरून बसला असेल तर नवी पोर्टं २ आणि ३ या क्रमांकांची होतात, आणि आपण मात्र १ वर वाट बघत राहतो. परवानगी नाकारल्याचा निरोप आला तर आपलं खातं डायलआउट गटात, म्हणजे अशी पोर्टं वापरायची मुभा असलेल्यांत, टाकावं लागतं.

क्रमांक बदलण्याचा हा घोळ पामपुरता नाही. कित्येक पतसंस्थांच्या पिग्मी एजंटांकडे दिवसभराच्या वसुलीचं हातातलं मशीन असतं. त्यातली जुनी मशीनं सिरियल तारेची, म्हणून शाखेतल्या संगणकाला ती यूएसबी कन्व्हर्टरमार्फत लावतात. “भो, काल तर चालू व्हतं!” असं एजंट म्हणतो, आणि ते खरंच असतं. काल कन्व्हर्टर एका भोकात होता, आज झाडलोट करताना दुसऱ्यात गेला. कन्व्हर्टरला स्वतःचा अनुक्रमांक नसेल तर विंडोज त्याला प्रत्येक भोकासाठी वेगळा कॉम क्रमांक (पोर्टाचा क्रमांक) देते. सॉफ्टवेअर कॉम ३ वर वाट बघतं, मशीन कॉम ७ वर बोलतं. कन्व्हर्टर जुन्या भोकात परत लावला की वसुली उतरते.

पामकडे परत येऊ. बोलणं जुळलं की पहिल्याच झटक्यात सिंक करू नका, आधी फक्त बॅकअप घ्या. लिनक्सवर पायलट-एक्सफर (pilot-xfer) या आज्ञेने यंत्रातली प्रत्येक फाइल जशीच्या तशी उतरते. सिंकमध्ये मात्र दोन्ही बाजूंचा हिशेब जुळवला जातो. प्रत्येक नोंदीवर बदललं, खोडलं अशा खुणा असतात. मागच्या वेळचाच संगणक असेल तर फक्त खुणा असलेल्या नोंदी बघितल्या जातात, संगणक वेगळा असेल तर एकेक नोंद ताडून बघावी लागते. एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली आढळली, तर दोन्ही ठेवल्या जातात, आणि म्हणून एकाच व्यापाऱ्याचं नाव दोनदा दिसतं. त्याला बिघाड समजू नये. सगळ्यात घातक पर्याय म्हणजे संगणकाने यंत्रावर लिहावं हा. संगणकावरची यादी रिकामी असताना तो निवडला तर पाममधल्या नोंदी पुसल्या जातील.

बॅकअप पूर्ण उतरला का, हे फाइलमध्येच बघता येतं. पामच्या नोंदी ठेवणाऱ्या पीडीबी फाइलचं डोकं, म्हणजे सुरुवातीचा भाग, ७८ बाइटचं असतं. पहिल्या ३२ बाइटमध्ये संग्रहाचं नाव, शेवटच्या दोन बाइटमध्ये नोंदींची संख्या. हेक्स दाखवणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामात ती संख्या वाचा आणि पामच्या पडद्यावरची टिपणं मोजून ताडा. तारखा वाचताना लक्षात असू द्या, की पाम काळ मोजतं ते १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत. दुसरा प्रोग्राम १९७० पासून मोजत असेल तर २००३ ची केळीलागवड २०६९ मध्ये झालेली दिसेल. तसं झालं तर नोंद शाबूत आहे, फक्त ६६ वर्षं वजा करायची आहेत.