मीटरला भूक नसते

गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर डिसेंबरात पहाटे असं धुकं धरतं की काठावरची बाभूळसुद्धा दिसेनाशी होते. ओळखीच्या एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, कुटुंबाची तिथे फायबरची छोटी मोटरबोट आहे. तिचा डावीकडचा लाल दिवा मंद पडला होता. इंजिनाचा वेग वाढवला की कधी विझायचा, कधी आपोआप पेटायचा. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून निरोप माझ्याकडे आला. मल्टिमीटर घेऊन गेलो, होल्डरमधला बल्ब काढला आणि मीटरच्या काड्या होल्डरच्या दोन टोकांना टेकवल्या. आकडा आला १२.६ व्होल्ट. बॅटरीवरही १२.६ होते. तारा ठीक आहेत, बल्बच गेला, असं मी सांगितलं. नवा बल्ब लावला, तर तोही तसाच मिणमिणता.

हा दिवा इतका महत्त्वाचा का, ते आधी बघू. बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा, ही पद्धत जगभर एकच आहे. समुद्रावरची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि ते १९७७ पासून लागू झाले. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसतो, पांढरा मागच्या १३५ अंशांत. तिन्ही मिळून बरोबर ३६० अंशांचा फेर पुरा होतो. म्हणून अंधारात दिव्यावरूनच समोरच्या बोटीचं तोंड कुठे आहे ते कळतं. फक्त पांढरा दिसला तर ती बहुधा पाठ करून चालली आहे. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ती सरळ आपल्यावरच येते आहे, आणि अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं असतं.

आता समोरून येणाऱ्या बोटीचा लाल दिवा बंद आहे असं धरा. मला एकटा हिरवा दिसतो, म्हणजे मला तिची उजवी बाजू दिसते आहे आणि ती माझ्या उजव्या हाताला निघाली आहे, असा मी अर्थ लावतो. मग तिच्या मागून जाण्यासाठी मला डावीकडे वळावंसं वाटतं. तिला मात्र माझे दोन्ही दिवे दिसतात, म्हणून ती नियमाप्रमाणे तिच्या उजवीकडे, म्हणजे माझ्या डावीकडे वळते. दोघंही एकाच जागी येतो. सगळेच दिवे विझलेली बोट दिसत नाही. एकच दिवा विझलेली बोट दिसते, पण चुकीच्या दिशेला तोंड करून. मला हा दुसरा प्रकार जास्त भयंकर वाटतो.

नवा बल्बही मंद जळतोय म्हटल्यावर गावातल्या ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांच्याकडे मीटर नव्हतं, एक लांब तार होती. त्यांनी तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला धरलं आणि दुसरं लाल दिव्याच्या मायनस टोकाला टेकवलं. दिवा लख्ख पेटला.

"सर, तुमचं मीटर खोटं नाही बोलत," ते म्हणाले. "पण त्याले भूकच नाही. बल्बले लागते भूक."

या वाक्यातलं विज्ञान अगदी पक्कं आहे. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो. तो तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. समजा, तारेच्या जोडात गंज चढून १ लाख ओहमचा अडथळा तयार झालाय. तरीही १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते मीटर ११.८८ व्होल्ट दाखवणार, आणि बघणारा म्हणणार, तार चांगली आहे. २५ वॅटच्या बल्बला मात्र दोन अँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या वाटेत दोन ओहमचा अडथळा आला तरी त्याचा घास जवळजवळ अर्ध्यावर येतो. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरला तर पाणी थांबतं आणि आतला दाब पूर्ण राहतो. तेवढ्या दाबावरून पाइप मोकळा आहे असं आपण म्हणत नाही, पाणी सोडून बघतो. तारेचंही तसंच: दिवा चालू ठेवूनच मोजायचं.

मग तसं मोजलं. दिवा पेटलेला असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते, पण दिव्याच्या टोकांवर ९.१ च. मधले ३.३ व्होल्ट कुठे गेले? एक काडी बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी दिव्याच्या प्लसला लावली तर ०.३ आले. म्हणजे जाणारी वाट बरी होती. बॅटरीचा मायनस आणि दिव्याचा मायनस यांच्यात आले ३.० व्होल्ट. परतीच्या वाटेवरच चोरी होत होती. बोटींच्या वायरिंगमध्ये अशा दिव्यांसाठी जाण्यायेण्याच्या दोन्ही वाटा धरून ३ टक्क्यांपर्यंतची घट चालते, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ०.३६. इथे एकट्या परतीच्या तारेत त्याच्या आठपटीहून जास्त होती.

तारेच्या (फिलामेंटच्या) बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा फार झपाट्याने कमी होतो, साधारण व्होल्टेजच्या साडेतिसऱ्या घाताने. त्यामुळे १२ च्या जागी ९.१ व्होल्ट मिळाले की उजेड उरतो ४० टक्क्यांच्या आसपास. बारा मीटरपेक्षा लहान बोटीचा लाल-हिरवा दिवा एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटरवरून दिसला पाहिजे. जेमतेम तेवढ्या ताकदीचा दिवा या अवस्थेत स्वच्छ हवेतही साडेअकराशे मीटरवरूनच दिसेल. धुक्यात त्याहून किती तरी कमी.

हरवलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. तीन व्होल्ट आणि पावणेदोनच्या आसपास अँपिअर, म्हणजे पाच वॅट, आणि तेही एका लहानशा जोडात. मिस्त्रीकाका मायनसच्या तारेवरून बोट फिरवत गेले आणि बसायच्या फळीखाली काळ्या टेपच्या एका गुंडाळीवर थांबले. ती गुंडाळी कोमट लागत होती.

टेप सोडली तर आत हिरवा बुरा. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, आणि भांड्यावर चढणारा तो हिरवट कळंक आपल्या आजीला चांगला ठाऊक होता. तारेवरचा बुरा त्याच जातीचा. ओल, हवेतला प्राणवायू आणि कार्बन डाय-ऑक्साइड मिळून तांब्याचे क्षार बनवतात, आणि त्यांतून वीज नीट वाहत नाही. आपल्याकडे समुद्र नाही, खारं पाणी नाही, मग गंज कशाला चढेल, असं लोक म्हणतात. खारं पाणी हे काम लवकर करतं हे खरं, पण गोड्या पाण्याचं दव रोज पहाटे टेपच्या आत शिरून तिथेच बसलं तर दोन पावसाळे पुरतात. त्यात जोड नुसता पिळ देऊन केलेला. इंजिनाच्या हादऱ्याने तारा हलायच्या, कधी टेकायच्या, कधी सुटायच्या. दिव्याचा लपंडाव तिथूनच चालला होता.

बारीक तारांची मोळी असलेली वायर दिव्याच्या वातीसारखी वागते. वात तेल वर ओढते तसं तारांमधल्या फटींतून पाणी प्लास्टिकच्या आवरणाखाली आत सरकत जातं. म्हणून नुसतं टोक घासून चालत नाही. मिस्त्रीकाकांनी आवरण सोलायला सुरुवात केली तेव्हा तांबं काळं निघालं, आणखी सोललं तरी काळं. तब्बल दोन वीत वायर कापल्यावर लालसर चमक दिसली. बोटींसाठी जी चांगली वायर मिळते तिच्या प्रत्येक तारेवर कथलाचा पातळ थर असतो. कल्हईवाला भांड्याला करायचा तेच इथे तारेला केलेलं असतं, कारणही तेच.

ट्रॅक्टरवर वाढलेल्या माणसाला या कामात एक गोष्ट नवी वाटते. ट्रॅक्टरमध्ये परतीची वाट म्हणजे लोखंडी बॉडी, मायनसची वेगळी तार फारशी लागत नाही. फायबरच्या किंवा लाकडी बोटीला बॉडी-अर्थ नसतो. प्रत्येक दिव्याचा प्रवाह तारेनेच परत आणावा लागतो, आणि ती तार लोक दुय्यम समजतात. ब्रेक दाबला की ट्रॉलीचा इंडिकेटरही मंद उजळतो, हे तुम्ही रस्त्यावर पाहिलं असेल. तिथे अर्थ खराब झालेला असतो आणि ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह घरी जायला शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. बोटीत दोन-तीन दिव्यांची परतीची तार एकाच जोडावर आणली असेल तर असंच घडतं. एक दिवा लावला की भलताच मिणमिणतो, आणि माणूस स्विच बदलत बसतो.

एलईडीने हा प्रश्न सुटतो का? काही अंशी. वीज कमी लागते, म्हणून तोच खराब जोड कमी व्होल्ट खातो. पण जुन्या हिरव्या काचेमागे नुसता पांढरा एलईडी बसवू नये. ती काच तारेच्या बल्बच्या पिवळसर उजेडासाठी निळसर ठेवलेली असते. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असल्याने रंग निळ्याकडे झुकतो. शिवाय बल्बची वेटोळी जिथे असायची तिथे एलईडी नसेल तर ११२.५ अंशांची हद्दही सरकते. रंग आणि कोन बिघडला की दिवा लागूनही खोटंच सांगतो.

नवा जोड तार पकडणारा पितळी लग दाबून केला, वरून आतून गोंद असलेली नळी गरम करून आवळली. होल्डरच्या आधी वायरीला खाली पोट सोडलं, घरच्या सर्व्हिस वायरीला सोडतात तसं, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो. दिवा लावून पुन्हा मोजलं: मायनसच्या वाटेवर ०.०५ व्होल्ट, दिव्यावर १२.०.

हिरवा दिवा चांगला जळत होता. तरीही मिस्त्रीकाकांनी त्याची टेप सोडली. त्याच दिवशी, त्याच वायरीने, त्याच हाताने केलेला तो जोड होता. आत नुकताच हिरवा रंग धरू लागला होता.