कुष्ठधामाची भिंत : मिशनच्या सेवेमागचा एक वादग्रस्त निर्णय

मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो, तो प्रसंग ख्रिस्ती वाचकाला पुन्हा सांगायला नको. लेवीय पुस्तकातले नियमही बहुतेकांना ठाऊक असतात: याजकाने तपासायचे, सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा सात दिवस, मग छावणीबाहेर. भारतातल्या मिशन कुष्ठधामांचा इतिहास या दोन टोकांच्या मध्ये घडला. गावाने हाकललेल्यांना मिशनने आत घेतले. मग आत घेतल्यावर नवरा-बायकोला वेगळ्या आवारांत का ठेवले आणि मूल आईपासून का काढून घेतले, हा प्रश्न उरतोच.

मध्ययुगीन युरोपबद्दल थोडेच सांगतो. ११७९ सालच्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवले की कुष्ठबाधित जिथे पुरेशा संख्येने एकत्र राहतात तिथे त्यांचे स्वतःचे चर्च, पाळक आणि दफनभूमी असावी. त्यांच्या बागेवर व जनावरांवर दशांश घेऊ नये. शहराच्या वेशीबाहेर रस्त्यालगत असलेल्या त्यांच्या घरांना वाटसरूंचे दान मिळे. अनेक ठिकाणचे रहिवासी व्रतस्थ बंधुभगिनींसारखे राहत, आणि नियम मोडणाऱ्याला तिथून काढून टाकणे ही मोठी शिक्षा मानली जाई. रोग्याला जिवंतपणी मृत ठरवून पायांवर माती टाकण्याच्या विधीचे वर्णन सगळीकडे आढळते. तो विधी प्रत्यक्षात सर्रास होत असे याला पुरावा फारसा नाही, असे अलीकडचे इतिहासकार म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी मात्र तो सर्रास होत असे असेच धरले आणि निष्कर्ष काढला की कडक विलगीकरणामुळेच युरोपातून हा रोग गेला. या समजुतीचे ओझे पुढे भारतातल्या रुग्णांवर पडले.

१८६९ मध्ये अंबाल्याच्या मिशनशाळेत आलेल्या एका आयरिश शिक्षकाने तिथली कुष्ठवसाहत पाहिली. १८७४ मध्ये डब्लिनला त्याच्या मित्रमंडळींनी वर्षाला ३० पौंड गोळा करण्याचे ठरवले आणि त्यातून एक मिशन उभे राहिले. त्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी होती. सगळीकडे स्वतःची माणसे नेमण्याऐवजी आधीपासून काम करत असलेल्या निरनिराळ्या पंथांच्या मिशनना ते इमारत, अन्न आणि कपड्यांसाठी पैसे देई. पुढे सरकारी अनुदानही मिळू लागले. त्यामुळे कुष्ठधामे भराभर वाढली. पण पैसे देणारा दूर आणि भिंतीच्या आतले नियम ठरवणारा जवळ, अशी रचना झाली.

१८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनला कुष्ठरोगाचा जंतू सापडला. १८८९ मध्ये हवाई बेटांवरच्या मोलोकाई वसाहतीत रुग्णांची सेवा करणारा बेल्जियन धर्मगुरू त्याच रोगाने वारला आणि ब्रिटनमध्ये घबराट पसरली. त्यानंतर १८९०-९१ मध्ये एक आयोग भारतभर फिरला. रोग संसर्गजन्य असला तरी संसर्गाचा धोका फार थोडा आहे, सक्तीच्या विलगीकरणाची गरज नाही, असा त्याचा निर्वाळा होता. १८९७ च्या बर्लिनमधल्या कुष्ठरोग परिषदेने उलट दिशा धरली आणि विलगीकरणाची शिफारस केली. पुढच्याच वर्षी भारतात कुष्ठरोग्यांचा कायदा आला.

या कायद्यातली अटक गरिबांपुरती होती. भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या रुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत. शिवाय कोणत्याही रुग्णाने विक्रीसाठी खाद्यपदार्थ किंवा कपडे तयार करू नयेत, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेऊ नये, भाड्याची गाडी हाकू नये, असे हुकूम सरकारला काढता येत. मुळात या कायद्याने रुग्ण कोणाला म्हणायचे? ज्याला व्रण पडायला लागले आहेत त्याला. इथेच घोळ झाला. तळपायाचे व्रण मुख्यतः नस बधिर झाल्याने पडतात: खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही, माणूस जखमेवर चालत राहतो. त्यात संसर्ग असेलच असे नाही. ज्याच्या अंगात जंतू भरपूर असतात त्याच्या कातडीवर मात्र पुष्कळदा एकही जखम नसते. म्हणजे कायदा पकडत होता तो बहुधा चुकीच्या माणसाला.

कुष्ठधामांतला स्त्री-पुरुष विभाग याच काळात पक्का झाला. दोन आवारे, मध्ये भिंत. विवाहित जोडपीही वेगळी. उपासनेला पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या. मूल जन्मले तर ते निरोगी मुलांच्या वसतिगृहात हलवले जाई आणि आईने त्याला दुरून पाहायचे. समर्थकांचा मुद्दा पोकळ नव्हता. दीर्घकाळ निकट राहणाऱ्यांना, विशेषतः घरातल्या लहान मुलांना, धोका जास्त असतो हे खरे आहे, आणि वेगळी वाढवलेली बरीच मुले निरोगी राहिली. पण या निर्णयात संसर्गाच्या भीतीबरोबर आणखी दोन गोष्टी मिसळल्या होत्या: रोग आनुवंशिक आहे हा जुना समज आणि रुग्णांना मूलच होऊ नये ही इच्छा. यातली कोणतीही सुवार्तेतून आलेली नव्हती.

तोटा आरोग्याच्या दृष्टीनेही झाला. संसार मोडेल या धास्तीने लोक चट्टे लपवत. या रोगाची लक्षणे दिसायलाच सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. त्यात लपवण्याची आणखी वर्षे मिळाली की नस कायमची जाते, बोटे वाकतात, डोळा मिटत नाही. भिंतीने जितकी मुले वाचवली असतील त्याहून अधिक हातपाय उशिरामुळे गेले असावेत, असे मला वाटते.

आतली सेवा मात्र खरी होती, हेही तितकेच ठामपणे सांगितले पाहिजे. चालमोगऱ्याच्या तेलाची दुखरी इंजेक्शने, रोजची मलमपट्टी, शेती, शाळा हे सगळे इतर कोणी हात लावत नव्हते तेव्हा चालले. १९४० च्या दशकात डॅप्सोन हे गुणकारी औषध आले. त्याच दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात एका शल्यविशारदाने दाखवून दिले की बोटे आपोआप झडत नाहीत, बधिरपणामुळे होणाऱ्या इजांनी ती झिजतात. निकामी स्नायूंच्या जागी चांगली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) वळवून वाकडी बोटे सरळ करता येऊ लागली. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. व्यायाम चुकला तर कंडरा जुन्याच सवयीने ओढते आणि शस्त्रक्रिया वाया जाते. पायांसाठी मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आल्या. त्यांना खिळे मारायचे नाहीत, पट्टे शिवायचे किंवा चिकटवायचे, कारण वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही. रोज वीस मिनिटे पाय पाण्यात बुडवणे, कडक कातडी घासणे, ओलसर असतानाच तेल लावणे आणि तळवा नीट पाहणे हे आजही तसेच शिकवले जाते. व्रण भरून पुन्हा फुटतो तो बहुधा तीच जुनी चप्पल आणि तेच चालणे सुरू झाल्यामुळे.

१९८१ मध्ये बहुऔषधोपचाराची शिफारस झाली: प्रौढ रुग्णाला महिन्यातून एकदा ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन, रोज १०० मिलिग्रॅम डॅप्सोन, जंतू जास्त असतील तर जोडीला क्लोफाझिमिन. आज हा उपचार ६ किंवा १२ महिन्यांचा असतो, आणि सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. भिंतीला वैद्यकीय कारण उरले नाही. कायदा मागेच राहिला. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे कारण २००१ मध्ये, म्हणजे बहुऔषधोपचार येऊन वीस वर्षे झाल्यावर, घातले गेले. २०१९ मध्ये ते इतर चार वैयक्तिक कायद्यांबरोबर काढले. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला.

डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने गाठले, तरी नवे रुग्ण सापडतातच. आता रुग्णाच्या निकटवर्तीयांना प्रतिबंधासाठी रिफॅम्पिसिनचा एकच डोस देतात. त्यासाठी रुग्णाने आपला आजार कोणाला कळू द्यायचा याची संमती द्यावी लागते. घरच्यांसाठी ती सहसा मिळते. शेजाऱ्यांचे नाव काढले की बरेच जण नकार देतात, आणि तिथे डोस पोहोचत नाही.