तीव्र प्री-एक्लॅम्पसियात कळा सुरू करणे

तीव्र प्री-एक्लॅम्पसिया हा गर्भारपणात, बहुधा 20 आठवड्यांनंतर उद्भवणारा रक्तदाबाचा गंभीर विकार आहे. अशा स्त्रीला आपोआप कळा येण्याची वाट न पाहता औषधाने किंवा गर्भाशयाच्या तोंडात बसवलेल्या फुग्याने कळा आणून प्रसूती घडवली जाते. आजाराचे मूळ बाळाला पोसणाऱ्या वारेत असते. वार पडल्याशिवाय तो उतरणीला लागत नाही.

रक्तदाब 160/110 किंवा त्याहून वर, थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 1 लाखाखाली जाणे, यांपैकी काहीही धोक्याचे मानतात. 34 आठवडे भरले असतील तर प्रसूती लांबवत नाहीत. त्याआधी आई-बाळ स्थिर असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शने 12 तासांच्या अंतराने देतात आणि काही काळ थांबता येते. झटके आले किंवा वार सुटू लागली, तर आठवडे मोजत बसत नाहीत.

मात्र आधी आईला सावरायचे, कळांचे त्यानंतर. लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिनने रक्तदाब खाली आणतात. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात: 4 ग्रॅम शिरेतून सावकाश आणि दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, मग दर 4 तासांनी 5 ग्रॅम. इंजेक्शन बरेच दुखते आणि अंगात गरम लहर जाते, हे बाईला आधी सांगितले तर ती घाबरत नाही. औषध जास्त झाले नाही ना हे पाहायला पुढचा प्रत्येक डोस देण्यापूर्वी सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहते, मिनिटाला किमान 16 श्वास मोजते आणि लघवीच्या पिशवीत 4 तासांत निदान 100 मिलिलिटर जमले का बघते. पाय उडेनासा झाला तर डोस थांबतो. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट उतारा म्हणून देतात.

‘कळाच येत नाहीत, मग सिझर का करत नाही?’ असे नातेवाईक हमखास विचारतात. पण आजार तीव्र आहे एवढ्यावरून सिझर ठरत नाही. प्लेटलेट कमी असताना पोटावरची जखम टळली तर आईचेच भले होते. गर्भाशयाचे तोंड कच्चे असले तर आधी ते मऊ करावे लागते. खूप कमी आठवड्यांत मात्र हा प्रयत्न अनेकदा फसतो.

गर्भाशयाचे तोंड मऊ करण्यासाठी काय वापरावे, याचे मोलाचे उत्तर नागपुरातून आले. तेथील सरकारी रुग्णालयांत 2013 ते 2015 या काळात प्री-एक्लॅम्पसिया किंवा वाढलेला रक्तदाब असलेल्या 602 स्त्रियांवर अभ्यास झाला. निम्म्या जणींना दर 2 तासांनी मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी तोंडाने दिली, उरलेल्यांना फोली कॅथेटर या रबरी नळीचा फुगा गर्भाशयाच्या तोंडात बसवला. 24 तासांत योनिमार्गे प्रसूती गोळीने 57 टक्के, फुग्याने 47 टक्के जणींची झाली. साधी, स्वस्त, गिळायची गोळी सरस ठरली. गर्दीच्या सरकारी वॉर्डासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आधी सिझर झालेल्या बाईला मात्र मिसोप्रोस्टॉल देत नाहीत, कारण जुना टाका उसवून गर्भाशय फाटू शकते.

बाळ जन्मले की रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिन देतात. रक्तस्राव रोखणारे दुसरे औषध, मेथर्जिन, रक्तदाब चढवते, म्हणून ते टाळतात. प्रसूतीनंतरही झटके येऊ शकतात, त्यामुळे मॅग्नेशियम आणखी 24 तास चालू राहते. घरी गेल्यावर डोके दुखू लागले किंवा अंधारी आली, तर ते जागरणावर न ढकलता त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.