ऊर्जाक्षम बिनतारी संवेदक जाळे

तापमान, ओलावा, पाण्याची पातळी किंवा जमिनीचा कल जागच्या जागी मोजून रेडिओलहरींद्वारे कळवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांच्या समूहास बिनतारी संवेदक जाळे म्हणतात. त्यातील प्रत्येक उपकरण म्हणजे नोड.

नोडची ऊर्जा मोजण्यात फारशी जात नाही. ती रेडिओत जाते. संदेशाची वाट पाहत रेडिओ नुसता चालू ठेवणे हे संदेश घेण्याइतकेच महाग पडते, म्हणून नोड बहुतांश वेळ झोपवून ठरल्या वेळी क्षणभर जागा करतात. प्रक्षेपणाची ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या, तर अडथळ्यांच्या प्रदेशात चौथ्या घातापर्यंतच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे जवळच्या नोडांचा गट करून एकाच गटप्रमुखाने सर्वांची माहिती संक्षेपाने दूर पाठवणे किफायतशीर ठरते. वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन व हरी बालकृष्णन यांनी २००० साली मांडलेल्या ‘लीच’ पद्धतीत हे प्रमुखपद पाळीपाळीने फिरते आणि कोणा एकाचीच बॅटरी लवकर संपत नाही.

मोबाइल जाळ्यांनीही उपकरण झोपवून ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. २०१६ साली प्रमाणित झालेल्या ‘एनबी-आयओटी’ या छोट्या उपकरणांना मोबाइल जाळ्याशी जोडणाऱ्या तंत्रात उपकरण टॉवरकडील नोंदणी न गमावता दीर्घकाळ झोपू शकते, आणि बॅटरी दहा वर्षे टिकावी हे उद्दिष्ट ठेवलेले आहे. मोबाइल जाळ्यांच्या पाचव्या पिढीसाठी (५जी) एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख उपकरणे जोडता यावीत, अशी अपेक्षा आहे.

कोकण किनाऱ्यावर मात्र खरी कसोटी पावसाळ्यात लागते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली आणि चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले; म्हणजे ज्या दिवसांत माहिती सर्वाधिक हवी, त्याच दिवसांत नोडची बॅटरी भरणाऱ्या सौरपट्टीला ऊन मिळत नाही. ओल्या झाडोऱ्यात वाय-फायसारख्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच शोषल्या जातात, त्यामानाने भारतात परवान्याविना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी अधिक दूर पोहोचतात. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, हे वेगळेच. म्हणून येथील बॅटरीची क्षमता वैशाखातल्या उन्हावर नव्हे, तर आषाढातल्या सलग झडीवर ठरवावी लागते. कोरड्या महिन्यांत काही तासांनी एकदा मोजणारा नोड पर्जन्यमापकाने ठरलेली मर्यादा ओलांडताच दर काही मिनिटांनी मोजू लागेल, अशी रचना केल्यास उन्हाळ्यात वाचवलेला साठा दरडीच्या रात्री उपयोगी पडतो.