उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

'ऊन फार आहे, टायर तापून फुटेल, हवा जरा कमीच ठेवा.' हा सल्ला आपल्याकडे कुणीही देतो. तो साफ चुकीचा आहे. कमी हवेचा टायरच जास्त तापतो.

हे नीट दिसते ते अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये. बसएवढ्या चासीवर बांधलेले हे घर असते: पलंग, फ्रिज, जनरेटर, पाण्याच्या टाक्या. २०२२ मध्ये गुडइयरने अशा गाड्यांना बसवलेले जी१५९ टायर परत मागवले. तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने या टायरांशी आठ मृत्यूंचा संबंध जोडला होता. टायरमध्ये दोष नाही, हवा कमी पडली किंवा वजन जास्त झाले तर धोका आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. दोषाचा वाद बाजूला ठेवू. कमी हवा आणि जास्त वजन टायरला एकाच वाटेने मारतात, ती वाट बघण्यासारखी आहे.

गाडीचे वजन मुख्यतः रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. टायरवर २,५०० किलो भार आणि हवा १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो असेल, तर ढोबळ हिशेबाने टायर रस्त्यावर ३५० चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा ८० झाली की ४५०. तेवढे टेकायचे तर त्याला जास्त चपटे व्हावे लागते.

या टायरचा परीघ साधारण ३ मीटर. ताशी १०५ किलोमीटर वेगात तो सेकंदाला जवळपास दहा फेरे घेतो, म्हणजे त्याचा प्रत्येक भाग तासाला पस्तीस हजार वेळा दबतो आणि सुटतो. दबताना रबर घेते तेवढी ऊर्जा सुटताना परत देत नाही. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांवर घासतात आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. हेच हिस्टेरेसिस. तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकते तिथे गरम लागते, तसेच काहीसे. रबरातून उष्णता सहज बाहेर पडत नाही. आतल्या पोलादी पट्ट्यांच्या कडांशी, जिथे रबर जाड असते, तिथे ती साठते. पोलाद आणि रबर यांची ओढाताणही तिथेच सर्वांत जास्त. तडे तिथे, आतल्या आत सुरू होतात आणि पुढे कधीतरी धावत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सोलून निघतो.

आता तापल्यावर वाढणारा दाब. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन, ५७ म्हणजे ३३०. बंद वायूचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून मोजलेला) दहा टक्के वाढतो, आणि बाहेरचा दाब न धरणाऱ्या गेजवर १०० चे साधारण १११ दिसतात. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ गृहीत धरलेली असते. म्हणून हवा थंड टायरमध्ये मोजायची, गरम टायरमधून सोडायची नाही. नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही, या जाहिरातीवरही विश्वास ठेवू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि वायूचा नियम दोघांना सारखाच. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीला तर तो नियम ठाऊकच नाही!

मग हवा किती भरायची? त्यासाठी आधी वजन हवे. पाणी, सामान, माणसे भरून गाडी काट्यावर न्यायची आणि शक्यतो प्रत्येक कोपरा वेगळा तोलायचा. पाण्याची ४०० लिटरची टाकी एका बाजूला असेल तर तिकडे ४०० किलोंची भर पडते. एक्सलचे एकूण वजन मर्यादेत दिसते आणि एका बाजूचे टायर मात्र ओव्हरलोड असतात. मागच्या एक्सलच्याही मागे सामान रचले तर तरफेच्या नियमाने पुढचा एक्सल हलका होतो आणि मागच्यावर त्या सामानापेक्षाही जास्त भार येतो. जड बाजूचा आकडा घेऊन कंपनीच्या तक्त्यात दाब बघायचा आणि एक्सलच्या सगळ्या टायरांत तोच भरायचा.

मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभेच असते, त्यामुळे नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारे होते. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरातले दुहेरी बंध तोडतो. रबरात मिसळलेले संरक्षक मेण टायर फिरत राहिला तर पृष्ठभागावर येत राहते, उभ्या गाडीत ते फारसे होत नाही. अमेरिकेत भाड्याने मोटरहोम घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघणार असाल, तर टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनंतरच्या मजकुरातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला.